एकाच घरातले राम आणि कृष्ण

‘रामायण’ आणि ‘श्रीकृष्ण’. दोन्ही मालिका रामानंद सागर यांच्या ‘सागर आर्ट्‌स’च्या. संगीतकार एक, घरचीच दिग्दर्शक मंडळी, कथाही एकाच विष्णूच्या दोन अवतारांच्या. तरी एकीने रविवार सकाळचे रस्ते ओस पाडले आणि दुसरी गाजावाजा न करता घराघरात रमली. असं का झालं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मुंबईपेक्षा तंजावर बरं. कारण राम आणि कृष्ण शेजारी शेजारी मांडून पाहायची सवय या गावाला फार जुनी आहे.

दुकानातल्या दोन तसबिरी

तंजावरात चित्रांच्या कुठल्याही दुकानात शिरा. सोनेरी वर्खाने लखलखणाऱ्या त्या भिंतींवर दोन विषय हमखास भेटतात. एक रामाचा पट्टाभिषेक, म्हणजे राज्याभिषेक. दुसरा हातात लोण्याचा गोळा घेतलेला गुटगुटीत बाळकृष्ण. तमिळमध्ये या चित्रांना ‘पलगै पडम’, म्हणजे फळीवरचं चित्र म्हणतात. जुन्या काळी फणसाच्या लाकडाची फळी घेत, आता बहुधा प्लायवूड असतं. त्यावर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप द्यायचा, दागिने आणि महिरपी त्याच लेपाने उठावदार करायच्या, त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा, काचेचे खडे जडवायचे आणि मग रंग भरायचे. ही कला बहरली ती तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात इथे गादी स्थापली. ती १८५५ पर्यंत टिकली. सरफोजीराजे दुसरे यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत आणि बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे.

आता ती दोन चित्रं जरा नीट पाहा. पट्टाभिषेकाच्या चित्रात गर्दी आहे. मधोमध सिंहासनावर राम-सीता. बाजूला तिघे भाऊ, कुणाच्या हाती छत्र, कुणाच्या हाती चवरी. पायाशी मारुती. पलीकडे वसिष्ठ, सुग्रीव, बिभीषण. प्रत्येकाची जागा ठरलेली. एकालाही हलवलं तर चित्र मोडेल.

बाळकृष्णाच्या चित्रात मात्र एकच बाळ सगळी चौकट व्यापून बसलेलं. गोबरे गाल, टपोरे डोळे, वर्ण पुष्कळदा सावळा नव्हे तर गोरापान. फार तर कडेला यशोदा. या चित्रात कुणाला जागा नेमून दिलेली नाही. बाळ आणि पाहणारा, एवढंच नातं.

सागर यांच्या दोन मालिकांमधला फरक नेमका हाच आहे. ‘रामायण’ ही एका कुटुंबाची मालिका होती, ‘श्रीकृष्ण’ एका लाडक्याची.

फळीवरून पडद्यावर

तंजावरच्या तसबिरींशी दूरदर्शन मालिकांचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण नातं आहे आणि त्याचा रस्ता महाराष्ट्रातून जातो. त्रावणकोरचे राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांना चित्रकलेचे पहिले धडे त्यांचे मामा राजराज वर्मा यांनी दिले आणि ते मामा तंजावर शैलीत चित्रं काढत. पुढे रविवर्मांनी युरोपीय तैलरंगांत देव रंगवले आणि ते घरोघर पोहोचावेत म्हणून १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच छापखान्याशी संबंध आलेला एक तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला आणि त्यांच्या कंपनीने पाठोपाठ १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’. म्हणजे आधी राम, मग कृष्ण! ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली होती ती त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी.

पौराणिक चित्रपटांनी देवांचे मुकुट, महिरपी, समोरून घेतलेली दृश्यं आणि देवाने प्रेक्षकांकडे रोखून पाहणं हे सगळं या छापील तसबिरींतून उचललं. सागर यांनी दूरदर्शनसाठी रामदरबार उभा केला तेव्हा तो आपल्याला पाहताक्षणीच ओळखीचा वाटला. का नाही वाटणार? देवघरातल्या तसबिरीत तो आधीच टांगलेला होता.

रविवार, सकाळी साडेनऊ

रामानंद सागर यांचा जन्म १९१७ चा, लाहोरजवळचा. फाळणीत सगळं सोडून ते मुंबईला आले. त्या होरपळीवर त्यांनी ‘और इन्सान मर गया’ ही कादंबरी लिहिली. राज कपूरच्या ‘बरसात’ची (१९४९) कथा त्यांची. पुढे ‘आरजू’, ‘आँखें’, ‘चरस’ असे एकाहून एक चालणारे चित्रपट त्यांनी काढले. असा सिनेमावाला माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर छोट्या पडद्याकडे वळला तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. १९८५ च्या ‘विक्रम और बेताल’ने त्यांची पाटी पूजली गेली. त्यात विक्रम होता अरुण गोविल.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’चा पहिला भाग झळकला. ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाने शेवट झाला. एकूण ७८ भाग. चित्रीकरण झालं ते महाराष्ट्राची हद्द ओलांडताच लागणाऱ्या गुजरातमधल्या उमरगावला. त्या दीड वर्षात रविवारी सकाळी काय होत असे, ते चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. टीव्हीला हार घातले जात, उदबत्ती लावली जाई, शेजारपाजारची मंडळी आंघोळी उरकून सतरंजीवर येऊन बसत. घरात टीव्ही असणं ही तेव्हा शेजारधर्माची जबाबदारी होती!

मराठी घरांना तर या अयोध्येत अर्धं माहेरच सापडलं. दशरथ होते बाळ धुरी आणि कौसल्या होत्या जयश्री गडकर. ‘सांगत्ये ऐका’ची ती नायिका आणि बाळ धुरी हे प्रत्यक्षातही पती-पत्नी. मंथरा झालेल्या ललिता पवारांना पाहून आजीबाई बोटं मोडत. पादुका डोक्यावर घेऊन परतणारा भरत म्हणजे संजय जोग. १९९५ मध्ये हा गुणी नट अकाली गेला, पण चित्रकूटावरची त्याची व्याकुळता आजही डोळ्यांपुढे येते.

या मालिकेची चाल अगदी संथ. एका प्रसंगावर सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवायचे, मग पुन्हा रामाचं मंद स्मित. समीक्षक यावर वैतागले. पण अमेरिकी अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये या मालिकेवर लेख लिहिला, त्यात यामागची परंपरा ओळखली. ही सिनेमाची नव्हे, कथेकऱ्याची चाल आहे आणि ते चेहरे म्हणजे दर्शन आहे. पट्टाभिषेकाच्या चित्रात जसं प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहावं लागतं, तसंच इथे कॅमेरा पाहायला लावतो. कैकेयी वर मागते तेव्हा दशरथाचं काय झालं, कौसल्येचं काय, लक्ष्मणाचं काय, सुमंताचं काय हे सगळं कळल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.

हिंदी नसलं तरी कथा ठाऊक

ही मालिका देशभर हिंदीतूनच दाखवली गेली. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनाने पेटलेल्या तमिळनाडूतही ती पाहिली गेली, हिंदी न कळणाऱ्या घरांतही पाहिली गेली. हे आश्चर्य वाटण्यासारखं असलं तरी तंजावरचा परिसर पाहिला की उलगडा होतो.

तमिळ रामायणाचा कर्ता कंबन हा याच कावेरीकाठचा. तेरळुंदूर हे त्याचं गाव जुन्या तंजावर जिल्ह्यातलं. त्याच्या कथेत रावण सीतेच्या अंगाला हात न लावता जमिनीसकट पर्णकुटीच उचलून नेतो. तंजावरहून चाळीसेक किलोमीटरवर कुंभकोणम्‌ला रामस्वामी मंदिर आहे. तिथे गाभाऱ्यात राज्याभिषेकाच्या थाटात राम-सीता एकाच आसनावर, मारुतीच्या हाती वीणा आणि बाहेरच्या प्राकाराच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग क्रमाने रंगवलेले. प्रदक्षिणा घालता घालता कथा पुढे सरकते. दूरदर्शनच्या कितीतरी आधीची ही मालिकाच! तंजावरजवळच्याच तिरुवैयारूला संत त्यागराजांनी (१७६७-१८४७) आयुष्यभर रामाला आळवलं, तेही तमिळ मुलखात राहून तेलुगूत. म्हणजे इथल्या माणसाला परक्या भाषेतला राम नवा नव्हता.

यात आपल्या मराठीचाही वाटा आहे. भोसल्यांच्या काळात मराठी कीर्तनकार तंजावरात येत. त्यांचं पाहून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१-१९०३) यांनी तमिळ हरिकथेला घडण दिली. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, झांजा, मागे साथ करणारी मंडळी, मध्येच विनोदी दाखला! साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द त्या हरिकथेत जसेच्या तसे राहिले. दीड तासात आख्यान रंगवणारा हरिदास ज्यांनी ऐकला होता, त्यांना सागर यांची अर्ध्या तासाची कथा अर्थ न सांगताही पोहोचली.

सागर यांनीही एकाच रामायणावर भिस्त ठेवली नव्हती. मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर तमिळ कंबरामायण आणि मराठी भावार्थरामायण यांचीही नावं येत. एकनाथ आणि कंबन एकाच पडद्यावर! तंजावरच्या मराठी घरात, जिथे घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ चालते, तिथे ही दोन्ही नावं आपलीच होती.

कृष्ण आला तेव्हा जग बदललं होतं

राज्याभिषेक झाला, पण प्रेक्षकांचं समाधान झालं नाही. उत्तरकांडही दाखवा, म्हणून १९८८ मध्ये पंजाबात सफाई कामगारांनी काम बंद ठेवलं. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या या समाजाला वाल्मीकी-आश्रमाची कथा हवी होती. त्यातून ‘लव कुश’ आली. त्यात कुश झालेला मुलगा होता मुंबईचा स्वप्नील जोशी आणि लव होता मयुरेश क्षेत्रमाडे. सागर यांनी स्वप्नीलचं ते खट्याळ हसू हेरून ठेवलं असावं. कारण १९९३ मध्ये ‘श्रीकृष्ण’ सुरू झाली तेव्हा पौगंडावस्थेतला कृष्ण म्हणून तोच उभा राहिला.

मोठा कृष्ण झाले सर्वदमन बॅनर्जी. जी. व्ही. अय्यर यांच्या ‘आदि शंकराचार्य’ (१९८३) या संस्कृत चित्रपटात शंकराचार्य झालेले हे नट. म्हणजे ब्रह्म सत्य सांगणारा संन्यासी इथे सोळा हजारांचा संसारी झाला! बलराम होते दीपक देऊलकर. दिग्दर्शनात रामानंदजींबरोबर त्यांचे पुत्र आनंद आणि मोती होते. संगीत पुन्हा रवींद्र जैन यांचंच. ‘रामायण’ ७८ भागांत आटोपली होती, ‘श्रीकृष्ण’ने दोनशेचा आकडा ओलांडला.

पण मधल्या पाच वर्षांत बरंच पाणी वाहून गेलं होतं. ‘रामायण’च्या वेळी घरात एकच दूरदर्शन होतं. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या आल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘झी’ सुरू झाली. तंजावरच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची घटना म्हणजे एप्रिल १९९३ मध्ये ‘सन टीव्ही’ ही तमिळ वाहिनी सुरू झाली. हिंदी राष्ट्रीय कार्यक्रमावाचून गत्यंतर नाही, ही परिस्थितीच संपली. ‘श्रीकृष्ण’ आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आणि मग राष्ट्रीय वाहिनीवर आली. तोवर रिमोटची सत्ता सुरू झाली होती.

आणखी एक अडचण होती. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ने (१९८८-९०) कुरुक्षेत्र आधीच गाजवलं होतं. नितीश भारद्वाज या मराठी तरुणाचा कृष्ण लोकांच्या मनात पक्का बसला होता. सागर यांच्या रामाला दूरदर्शनवर स्पर्धक नव्हता, कृष्णाला मात्र होता. म्हणून सागर यांची खरी पुंजी होती ती चोप्रांनी थोडक्यात उरकलेल्या भागात, गोकुळात.

एक मर्यादा, दुसरी लीला

दोन्ही मालिका सलग पाहिल्या तर पहिला फरक जाणवतो तो कथेच्या घडणीत. रामाची कथा एका रेषेत जाते. वचन, वनवास, हरण, शोध, युद्ध, परत घर. एक भाग चुकला तर रुखरुख लागते. कृष्णाची कथा मण्यांच्या माळेसारखी. आज पूतना, उद्या कालिया, परवा गोवर्धन. कुठूनही पाहायला लागा, बिघडत नाही. म्हणून ‘रामायण’ला अख्खं घर एका वेळी हजर असायचं आणि ‘श्रीकृष्ण’ स्वयंपाकघरातून ये-जा करत पाहिली जायची. त्यात अनादर नव्हता. घरातल्या रांगत्या मुलाकडे तरी आपण कुठे हात जोडून पाहतो? काम करता करता एक डोळा त्याच्यावर ठेवतो.

दुसरा फरक नायकात. अरुण गोविलचा राम स्वतः फार कमी बोलतो. तो आपल्याला कळतो इतरांमुळे. भरत रडतो तेव्हा भाऊ म्हणून, शबरी बोरं देते तेव्हा अतिथी म्हणून, दशरथ प्राण सोडतो तेव्हा मुलगा म्हणून. ‘रामायण’ पाहून घराघरांत चर्चा होई ती रामापेक्षा इतरांवर. कैकेयीचं चुकलं का? ऊर्मिलेचं काय? लक्ष्मणाने तिला न्यायला हवं होतं का? ‘श्रीकृष्ण’मध्ये मात्र सगळ्या वाटा एकाच माणसाकडे जातात. यशोदा, राधा, पेंद्या-सुदाम्यासारखे सवंगडी, रुक्मिणी, अर्जुन. त्यांचं एकमेकांशी काय, हा प्रश्न फारसा पडत नाही. प्रत्येकाचं कृष्णाशी काय, हाच खरा प्रश्न.

तिसरा फरक देवपणात. ‘रामायण’मधला राम माणसासारखा दुःख सोसतो आणि बाकीचे त्याला देव म्हणतात. ‘श्रीकृष्ण’मधला कृष्ण पहिल्यापासून जाणतो की आपण कोण आहोत. त्यामुळे तिथे पुढे काय होणार याची धाकधूक कमी आणि तो हे कसं करतो याची गंमत जास्त. मालिकेतले सर्वात हलवून सोडणारे प्रसंग येतात ते ही जाण बाजूला ठेवून तो आपल्या माणसासाठी व्याकुळ होतो तेव्हा. मथुरेला निघताना गोकुळाचा निरोप, द्वारकेत सुदाम्याची भेट. इथे दोन्ही मालिका एकमेकींच्या अगदी जवळ येतात.

तंजावरकरांना हा दुसरा सूरही परका नव्हता. तिरुवैयारूजवळच्या वरहूर गावी नारायणतीर्थांनी संस्कृतात ‘कृष्णलीलातरंगिणी’ रचली. जन्मापासून रुक्मिणीविवाहापर्यंतची कथा बारा तरंगांत, नाच-गाण्यासाठी! त्याच वरहूरला गोकुळाष्टमीला ‘उरियडी’चा उत्सव होतो, निसरड्या खांबावर चढण्याची चढाओढ आणि टांगलेली मडकी. आपल्या दहीहंडीचा हा सख्खा भाऊ. ‘श्रीकृष्ण’चा मुख्य आधार असलेलं भागवत पुराणही दक्षिणेत, तमिळ आळवारांच्या भक्तीच्या प्रभावाखाली तयार झालं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यात कावेरीचा आदराने उल्लेखही येतो. म्हणजे सागर यांनी जो कृष्ण उत्तरेच्या भाषेत दाखवला, त्याचं आजोळ कदाचित याच मुलखात होतं!

सीतेच्या प्रश्नाचं काय?

कौतुक पुरे, आता उणी बाजू. ‘रामायण’ची सर्वात मोठी परीक्षा अग्निपरीक्षेच्या प्रसंगात होती. सागर यांनी तिथे तुलसीदासांचा आधार घेतला. हरणाआधीच खरी सीता अग्नीकडे सोपवली होती, लंकेत होती ती तिची छाया, आता खरी सीता परत घ्यायची आहे, असं राम लक्ष्मणाला सांगतो. रामावरचा डाग निघाला, पण सीतेचा प्रश्नही त्याबरोबर पुसला गेला. अशोकवनात बसून रावणाला परतवून लावणारी ती बाई, जिच्यासाठी आपण आठवडेच्या आठवडे तळमळलो, ती छाया होती? ‘लव कुश’मध्येही सीतात्याग आला तेव्हा घर सोडण्याचा आग्रह सीतेच्याच तोंडी दिला गेला. १९८८ मध्ये कितीतरी घरांतल्या बायकांना जे विचारायचं होतं, त्याला मालिकेने उत्तर देण्याऐवजी वाट काढली. पट्टाभिषेकाच्या चित्रात कुणीही जागेवरून हलता कामा नये, याची ही किंमत.

‘श्रीकृष्ण’चा दोष वेगळा. तिथे कुणाची कुचंबणा नाही, पण आवर नाही. गोकुळ जितकं टवटवीत, तितकी द्वारकेनंतरची वाट लांबलेली. उपकथांतून उपकथा निघतात, तत्त्वज्ञानाची निरूपणं भागच्या भाग चालतात. राक्षसांच्या माया आणि आकाशातल्या शस्त्रांची टक्कर यांत आजची मुलं हसून घेतील. लाडक्या मुलाचं कौतुक करताना पालकांना वेळेचं भान राहत नाही, तसं काहीसं सागर परिवाराचं झालं. पण या मालिकेतल्या बायका बोलतात, हेही खरं. यशोदा भांडते, राधा जाब विचारते, रुक्मिणी स्वतः पत्र धाडून नवरा निवडते. सीतेला जे बोलू दिलं नाही, ते या घरातल्या दुसऱ्या मालिकेत बायका बिनदिक्कत बोलून गेल्या.

तीस वर्षांनंतरचा निकाल

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळा देश घरात बसला. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री ती ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. शेकडो वाहिन्या, मोबाइल, इंटरनेट हाताशी असताना! पाठोपाठ ३ मेपासून ‘श्रीकृष्ण’ही आली. तिची आकड्यांची एवढी चर्चा झाली नाही, पण घरात कोंडलेल्या लहान मुलांना तिने चांगलं रमवलं. स्वप्नील जोशीला मराठी चित्रपटांचा नायक म्हणून ओळखणाऱ्या मुलींनी आईला विचारलं असेल, हा तोच का?

या दोन निकालांतूनही तोच फरक दिसतो. संकट आलं, सगळे एकत्र अडकले, तेव्हा लोकांना आधी कुटुंबाची कथा हवीशी वाटली. वनवास संपून माणसं घरी परततात, हा दिलासा हवा होता. त्यानंतर कृष्ण आला तो दिवस घालवायला सोबती म्हणून.

रामानंद सागर १२ डिसेंबर २००५ रोजी गेले. त्यांचे कलाकारही पुढे कुठे कुठे पोहोचले. दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये लोकसभेत निवडून गेले, हनुमान झालेले दारा सिंग २००३ मध्ये राज्यसभेत गेले, तर अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठहून खासदार झाले. ‘श्रीकृष्ण’च्या मंडळींच्या वाट्याला असं राजकीय वलय आलं नाही. लोकांनी रामाच्या दरबारातल्या माणसांना पद दिलं, गोकुळातल्या माणसांना प्रेमावरच ठेवलं!

आज दोन्ही मालिका यूट्यूबवर पाहता येतात. घरात मुलं-नातवंडं असतील तर दोन्ही एकाच पद्धतीने पाहू नयेत. ‘रामायण’ पाहायची तर सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या वेळी, रोज एकच भाग आणि भाग संपल्यावर टीव्ही बंद करून पाच मिनिटं बोलावं. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, सीतेच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे मुलांना विचारावं. मालिकेने टाळलेला प्रश्न घरात टाळू नये. ‘श्रीकृष्ण’ मात्र मुलांच्या हाती सोपवावी. गोकुळापासून सुरुवात करून त्यांना हवं ते पुढे-मागे पाहू द्यावं, कंटाळा आला तर सोडूही द्यावं. सुदाम्याच्या भागाला मात्र आजी-आजोबांनी शेजारी बसावं. मूठभर पोह्यांचं मोल काय, ते पडद्यापेक्षा त्यांनाच अधिक चांगलं सांगता येईल.